बेचाळीस दिवसांचं अपील

आमच्या घरात माझ्या उंचीचा विषय निघायचा तो फक्त लग्नाच्या संदर्भात. दहावीच्या वर्षी मी अण्णांच्या कानापर्यंत आले आणि बारावीत त्यांच्या डोक्यावरून पलीकडचं दिसायला लागलं. गावाहून आत्या आली की उंबऱ्यातच थांबून मला खालपासून वरपर्यंत बघायची आणि म्हणायची, "काय गो, माडासारखी वाडलंस नुसती. आता तुज्या मापाचा नवरा कुटून आनायचा?" वाढ सगळी उभीच होती. आडवी अशी काही नव्हतीच. आईच्या बांगड्या माझ्या हातात घातल्या तर कोपरापर्यंत सरकत जायच्या, आणि माझ्या ब्लाउजला कापड किती कमी लागतं यावर आई शेजारणींकडे तक्रार करायची, जणू मी तिच्या धंद्याचं नुकसान करत होते.

रत्नागिरीत परटवण्याला चार बिऱ्हाडांची एक ओळ होती, तिच्या टोकाच्या दोन खोल्या आमच्या. मधल्या भिंती वर कौलांपर्यंत गेलेल्या नव्हत्या. त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतंय, कोण कुणावर चिडलंय आणि कुणाचा खोकला अजून बरा झालेला नाही, हे चारही घरांना ठाऊक असे. आमच्या घराचा आवाज म्हणजे आईचं शिलाई मशीन. सकाळी पेज उतरवली की ती मशीनवर बसे, ते अण्णांच्या जेवणाच्या डब्याची वेळ होईपर्यंत. शाळेचे युनिफॉर्म, ब्लाउज, परकर. मशीन थांबलं की शेजारच्या काकू भिंतीवरून विचारायच्या, "काय गं, दोरा तुटला की पाहुणे आले?" अण्णा कोर्टात नकलांच्या विभागात कारकून होते. लोकांना निकालाच्या प्रती हव्या असत, त्या तयार करायच्या, शब्दाला शब्द ताडून बघायच्या, खाली सही करायची. आमच्या घराण्यातली ती पहिली सरकारी नोकरी. त्यांची नेमणुकीची ऑर्डर बुद्धाच्या तसबिरीखाली काचेच्या चौकटीत लावलेली होती आणि दर रविवारी आई ती काच पुसायची.

विमानाची जाहिरात मला आईच्या कात्रीखाली सापडली. अण्णा कोर्टातून जुनी वर्तमानपत्रं आणत आणि आई त्यांचे ब्लाउजचे कागदी नमुने कापे. एका बाहीच्या नमुन्यावर उड्डाणाच्या टोपीतल्या मुलीचा अर्धा चेहरा होता आणि खाली मुलींना हवाई दलात वैमानिक म्हणून घेणार असल्याचा मजकूर, तोही बाहीच्या गोलाईत अर्धा कापला गेलेला. उरलेला मजकूर मी वाचनालयात जाऊन उतरवून आणला. त्यात उंचीची किमान अट होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उंचीची कुणाला तरी गरज होती. खरं सांगायचं तर सुरुवात एवढ्या साध्या गोष्टीपासून झाली. देशप्रेम, आकाशाची ओढ वगैरे मी नंतर मुलाखतींत पुष्कळदा ऐकलं आणि थोडंफार स्वतःही सांगितलं, पण त्या दिवशी मनात आलं ते इतकंच की चला, इथे मी जास्तीची नाही.

अण्णांनी अर्जावर सही केली, कारण त्यातून काही निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्याच सुमारास त्यांनी मला जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयाच्या लिपिकाच्या परीक्षेलाही बसवलं होतं. त्यांचा जीव त्या परीक्षेत होता.

निवड मंडळ म्हैसूरला होतं. मी पत्र्याची पेटी आणि आईनं शिवलेले दोन पांढरे सलवार-कमीज घेऊन गेले. पहिल्या दिवशी बुद्धिमत्तेच्या प्रश्नपत्रिका झाल्या, मग पडद्यावर एक धूसर चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला लावली आणि ती गोष्ट गटात बसून चर्चेला घातली. अर्ध्याहून जास्त मुली संध्याकाळ व्हायच्या आत सामान घेऊन परत निघाल्या. राहिलेल्यांना पांढऱ्या कापडावर छापलेले आकडे दिले, छातीवर आणि पाठीवर बांधायला. मी सतरा नंबर झाले. पुढचे दिवस मला प्रत्येकानं सतरा म्हणूनच हाक मारली.

हे ज्यांच्या नशिबी आलेलं नाही त्यांना त्यातलं सुख कळणार नाही. आमच्याकडे नाव सांगितलं की आडनाव विचारतात, मग गाव, मग वाडी. वाडी सांगितली की समोरच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटतं. कुणी वाईट वागायचं नाही. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या घरी मला चहाही मिळायचा, फक्त माझा कप वेगळ्या फळीवरून यायचा आणि मैत्रीण खिडकीबाहेर बघत बसायची. म्हैसूरला मी सतरा होते, माझ्या शेजारची कर्नलची मुलगी नऊ होती, आणि मैदानावरच्या कामात दोघींच्या खांद्यावर एकच ओंडका होता. तिचं इंग्रजी घरच्या बोलण्यासारखं सहज यायचं. मी आधी मनात मराठीत मांडायची, मग इंग्रजीत सांगायची, आणि तोवर चर्चा पुढे गेलेली असायची. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की एका चर्चेत दोनदाच बोलायचं, पण पूर्ण बोलायचं.

मानसशास्त्राच्या चाचण्यांत एकामागून एक शब्द दाखवत आणि मनात येईल ते वाक्य लिहायला लावत. विचार करायला वेळच नसे, त्यामुळे खोटं बोलायची सवडही नसे. मग एक कोरा कागद दिला. तुमचे आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात आणि तुम्ही स्वतः काय म्हणता, ते लिहा. मी लिहिलं की वडिलांच्या मते मी हट्टी आहे, आणि आई म्हणते की हिनं एकही ब्लाउज हूक लावण्यापर्यंत पुरं केलेलं नाही. लिहून झाल्यावर वाटलं, हे काय लिहून बसले. पण कागद गेला होता.

मैदानावर फळ्या, दोऱ्या आणि पिंपं घेऊन अडथळे पार करायचे होते. लाल रंगाच्या भागाला हात-पाय लागला की ती वस्तू बाद. एका ठिकाणी मी फळी टाकण्याचा मार्ग सुचवला, सगळ्या माझ्या मागून आल्या, आणि मध्यावर मला दिसलं की पुढची फळी वीतभर अपुरी पडणार आहे. पाठीमागे सहा जणी तोल सांभाळून उभ्या होत्या. क्षणभर वाटलं, काहीतरी जुळेल, पुढे जाऊ. मग मी मोठ्यानं म्हटलं की माझं चुकलं, शेवटच्या मुलीपासून एकेक करून मागे व्हा. नऊ नंबर वैतागली. बाजूला उभ्या अधिकाऱ्यानं हातातल्या पॅडवर काहीतरी लिहिलं आणि माझी खात्री झाली की आपली परतीची गाडी ठरली.

पुढे नोकरीत काही वर्षं मी स्वतः तसा पॅड घेऊन त्याच प्रकारच्या मैदानावर उभी राहिले. तेव्हा कळलं की अडथळा पार झाला की नाही, हे आम्ही फार कमी वेळा लिहितो. मोठ्यानं बोलणारी मुलंही लिहून ठेवण्याजोगी नसतात, ती प्रत्येक गटात दोन असतातच. आपण चुकतोय हे कळल्यापासून ते कबूल करेपर्यंत माणूस किती वेळ घेतो, तिकडे मात्र माझं लक्ष असे. जमिनीवर त्या वेळाची किंमत वीतभर फळी असते. वर फार असते.

मुलाखत घेणारे अधिकारी जाड चष्म्याचे, सावकाश बोलणारे होते. त्यांच्यापुढे माझा सगळा फॉर्म होता, आडनाव, गाव, वडिलांची नोकरी. मी मनाची तयारी करून बसले होते. त्यांनी विचारलं ते वेगळंच. वडील निकालांच्या नकला करतात, तर मी ते निकाल कधी वाचते का. मी म्हटलं, वाचते. एखादा चुकीचा वाटला का, असं त्यांनी विचारलं. मी पायवाटेच्या एका दाव्याबद्दल सांगितलं. एका म्हाताऱ्या बाईच्या विरुद्ध निकाल गेला होता. तो अण्णांनाही पटला नव्हता, तरी त्यांनी त्याची प्रत शब्द न् शब्द तशीच केली.

"मग तुम्हाला न पटणारा हुकूम मिळाला तर?"

"वेळ असेल तर आधी विचारीन. नसेल तर पाळीन आणि मग विचारीन."

"आणि उद्या तुमच्या शेजारी बसलेला तुमचा कनिष्ठ तुम्हालाच असं विचारायला लागला तर?"

मी खरं ते सांगितलं. "मला आवडणार नाही सर. पण ऐकून घ्यावं लागेल."

ते हसले नाहीत, मान हलवली नाही. पुढचा प्रश्न रत्नागिरीच्या बंदराबद्दल होता.

शेवटच्या दिवशी मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचे अधिकारी आणि मुलाखत घेणारे असे तिघे पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले. तोवर त्यांनी आमच्याबद्दल आपसात बोलायचं नसतं. दुपारी सहा नंबर वाचले, त्यात सतरा होता. कर्नलची मुलगीही होती. पण वैमानिकाची खास चाचणी अजून बाकी होती, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पुन्हा कधीही नाही, कुठल्याही वयात नाही.

आधी यंत्रांच्या तबकड्या वाचायचा पेपर झाला. मग एका खुर्चीत बसवलं. समोर पडदा, हातात दांडा, पायाखाली दोन पॅडल. पडद्यावरचा प्रकाशाचा ठिपका चौकटीत धरून ठेवायचा. इतक्या वर्षांत मला कितीतरी जणांनी गमतीनं म्हटलंय की शिलाई मशीनवर वाढलेल्या मुलीला पॅडल काय अवघड. उलट झालं होतं. मशीनवर दोन्ही पाय एकत्र झुलतात. इथे एक पाय पुढे गेला की दुसरा मागे यायला हवा. ठिपका हलला की माझे पाय आपोआप आईसारखे झुलायला लागत आणि ठिपका चौकटीबाहेर पळे. सरावाची मिनिटं संपत आली तेव्हा मी दोन्ही पाय उचलून जमिनीवर ठेवले, एक श्वास घेतला आणि पुन्हा पॅडलवर ठेवताना फक्त चवड्यांवर ठेवले, टाच उचलून. पाय असे असले की मशीन चालवता येत नाही. ठिपका हळूहळू आत आला आणि बराच वेळ आत राहिला. मी पास झाले.

वैद्यकीय तपासणी बंगळूरला होती. भिंतीला पाठ टेकवून मांडीची लांबी मोजली, बसल्यावरची उंची मोजली, डोळे, कान, हृदय, दात. सगळं ठीक. मग वजनकाट्यावर उभं केलं आणि तिथली डॉक्टर, एक पोक्त तमिळ बाई, काट्यावर वाकली. माझ्या उंचीला लागतं त्यापेक्षा मी चार किलो कमी होते. तिनं फॉर्मवर 'तात्पुरती अपात्र' असा शेरा लिहिला. माझा चेहरा बघून पेन खाली ठेवलं आणि हिंदीत म्हणाली, "तुझ्यात दोष काहीच नाही. तू फक्त कमी आहेस." बेचाळीस दिवसांच्या आत वैद्यकीय अपील मंडळासमोर पुन्हा हजर राहता येईल, असं तिनं सांगितलं.

घरी पोहोचले तर दुसराच कागद येऊन पडलेला होता. लिपिकाची परीक्षा मी पास झाले होते आणि नेमणुकीची ऑर्डर आली होती. नेमणूक मंडणगडला, रुजू व्हायची मुदत एक महिन्याची. अण्णांनी ती ऑर्डर माझ्या हातात दिली नाही, पाटावर माझ्यासमोर ठेवली. "सरकारी ऑर्डर आहे," ते म्हणाले. "आपल्या घरातली दुसरी."

मी त्यांना अपिलाचं सांगितलं. दोन्ही कसं जमवता येईल यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. मुदत वाढवून मागायला ते स्वतः त्या कार्यालयात गेले. तिथल्या बड्या बाबूंनी सांगितलं की मुदत वाढणार नाही, आणि रुजू होऊन दहा दिवसांत दुसऱ्या नोकरीच्या तपासणीसाठी रजा मागितली तर तीही मिळणार नाही. म्हणजे एकच काहीतरी. अण्णांनी मला काहीच सांगितलं नाही, घे की सोड. फक्त मंडणगडच्या एस.टी.ची वेळ विचारून आले आणि ती कॅलेंडरवर लिहून ठेवली.

आईनं यातलं काही ऐकून घेतलं नाही. तिनं एकच प्रश्न विचारला, किती दिवसांत किती वजन. मी सांगितल्यावर म्हणाली, "एवढंच ना? बाळंतिणीला मी महिन्यात याहून जास्त भरलंय." आणि तिनं मला सरळ बाळंतिणीचं खाणं सुरू केलं. सकाळी हळिवाची खीर, ओलं खोबरं आणि गूळ घालून. मग डिंकाचा लाडू. दुपारी नव्या तांदळाचा भात, त्यावर तूप, आणि बांगड्याचं तिखलं, कारण दिवस बांगड्याचे होते आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर स्वस्त मिळत होते. चार वाजता नाचणीचं सत्त्व दुधात. संध्याकाळी अंडी. आत्या गावाहून नाचणीचं पीठ आणि कुळीथ घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसून प्रत्येक घास मोजत राहिली. पहिल्या आठवड्यात मला अन्नाचा वास नकोसा झाला. मी ताटावरून उठायला लागले की आई मशीन थांबवायची. ती शांतता फार मोठी वाटायची. मी पुन्हा बसायचे.

आता भिंती वरपर्यंत नव्हत्या हे मी सांगितलंच आहे. डिंक तळल्याचा आणि हळिवाचा वास चारही घरांत गेला. ज्या घरात मुलगी बाविशीची, बिनलग्नाची, नुकतीच आठ-पंधरा दिवस बाहेरगावी राहून आलेली, त्या घरातून हा वास. दोन दिवस काकू भिंतीवरून काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात आल्या आणि आवाज खाली आणून आईला म्हणाल्या की काही असेल तर मोकळेपणानं सांग, आपली मुलगी आहे. मी आतल्या खोलीत वाडगा घेऊन बसले होते. माझे कान तापले.

आईनं दोरा दातानं तोडला. "सांगायचं काय, काकू. विमान चालवायला घेतायत तिला. चार किलो कमी भरली म्हणून परत पाठवलं. भरून पाठवतेय."

काकू घरी गेल्या आणि थोड्या वेळानं खारकांची पुडी घेऊन आल्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात खिरीचा मोठा टोप होता, तिथे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं असणार, कारण वाढणाऱ्या प्रत्येकानं माझ्या द्रोणात दोनदा वाढलं आणि बायका माझ्याकडे भाताच्या रोपाकडे बघावं तशा बघू लागल्या, कालपेक्षा आज किती वर आलंय ते.

घरात वजनकाटा नव्हता. दर रविवारी अण्णा मला हुसेनभाईंच्या भाताच्या गिरणीवर घेऊन जात. तिथे पोती मोजायचा फळीचा काटा होता. हुसेनभाई पोतं उतरवून फळी झटकायचे, मी चप्पल काढून उभी राहायची आणि ते वजन सरकवत नेताना मी श्वास धरून ठेवायची, जणू त्यानं काही फरक पडणार होता. पहिल्या रविवारी काटा तसूभर हलला नाही. दुसऱ्या रविवारी अर्धा किलो. हुसेनभाई अण्णांना म्हणाले की मुलीला धावायला पाठवू नका, आणि तिच्यासमोर त्या नोकरीचं बोलू नका, काळजीनं अंगाला काही लागत नाही. आमच्या घरातल्या गोष्टी त्यांना कशा कळल्या हे मी विचारलं नाही.

परत येताना, भाट्याच्या किनाऱ्याकडून वारा येत होता, तेव्हा अण्णा अचानक म्हणाले की म्हैसूरला काय काय झालं ते मला पहिल्यापासून सांग. तोवर त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. ते मध्ये मध्ये थांबवत, नकलेची प्रत ताडून बघावी तसे. मानसशास्त्रज्ञानं मला प्रत्यक्ष पाहिलं का? नाही, फक्त माझे कागद. मैदानावरच्या अधिकाऱ्याला ते कागद दाखवले होते का? नाही. आणि मुलाखतीवाल्यांना फळीचं माहीत होतं का? नाही, शेवटच्या दिवसापर्यंत ते आपसात बोलत नाहीत.

अण्णा रस्त्याच्या कडेला थांबले.

"म्हणजे तिघांनी तुला वेगवेगळं पाहिलं," ते म्हणाले. "एकानं लिहिलेलं, एकानं केलेलं आणि एकानं बोललेलं. आणि तिघांचा निकाल एकच आला."

"हो."

"तीस वर्षं नकला करतोय मी. असा निकाल माझ्या हाताखालून एकदाही गेलेला नाही." ते पुन्हा चालायला लागले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "अपील आहे ना तुझं? मग अपिलासारखं चालवायचं. आता मंडणगडचं नाव काढायचं नाही."

रुजू व्हायच्या शेवटच्या दिवशी अण्णा कोर्टात गेले, मी घरी होते. दिवसभर आई मशीनवर होती आणि मी तिच्या बाजूला बसून काज करत होते. टाके वाकडे येत होते, आणि तिनं एकही उसवायला लावला नाही. सहा वाजून गेल्यावर अण्णा आले. खुंटीला सदरा अडकवला. कॅलेंडरवरची एस.टी.ची वेळ त्यांनी खोडली आणि म्हणाले, "कार्यालय बंद झालं. वाढा आता." त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी कुळथाची पिठी आणि भात खाल्ला. मी तीनदा भात घेतला. तेव्हा भीती किती वाटली होती ते मी आज सांगू शकते. त्या वेळी कबूल केलं असतं तर ताटावरून उठावं लागलं असतं.

बंगळूरला जायच्या आदल्या रविवारी गिरणीच्या काट्यावर मी पहिल्यापेक्षा साडेतीन किलो जास्त भरले. उरलेल्या अर्ध्या किलोसाठी मी बंगळूरच्या रस्त्यावर सकाळी अकरा केळी खाल्ली आणि दोन तांबे पाणी प्यायले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखीच एक पंजाबी मुलगी पोट धरून बसली होती आणि आम्ही दोघी हसायचं टाळत होतो, कारण हसणं परवडणारं नव्हतं. अपील मंडळातल्या डॉक्टरांना हे सगळे प्रकार ठाऊक असणार. त्यांनी आम्हाला तीन तास बसवून ठेवलं. शेवटी पाणी राहिलं नाही, पण आईचं जेवण राहिलं. काटा बरोबर त्या रेघेवर येऊन थांबला, केसभर वर. पात्र.

आणि तरीही त्या वर्षी मला घेतलं नाही. पात्र झालेल्या सगळ्यांची गुणांच्या क्रमानं यादी लागते आणि जागा असतील तितकी नावं वरून घेतात. जागा थोड्या होत्या. कर्नलच्या मुलीचं नाव यादीत होतं. मला दोन ओळींचं पत्र आलं, आपण पात्र असूनही रिक्त जागांअभावी सामावून घेता येत नाही. मंडणगडची जागा तोवर दुसऱ्या कुणीतरी घेतली होती. मी ते पत्र घेऊन अण्णांच्या कार्यालयात गेले, कारण ते घरी येईपर्यंत थांबणं मला जमत नव्हतं. नकलांच्या टेबलाशी उभी राहून मी त्यांना म्हटलं की तुमची ऑर्डर मी घालवली.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. शिक्का बघितला, सही बघितली. शेजारच्या टेबलावरचे लोक ऐकत होते. "यात तुझ्या विरोधात एक शब्द नाही," ते म्हणाले. "जागा संपल्या एवढंच लिहिलंय. पुढची भरती कधी आहे ते विचारून पत्र टाक." आणि त्यांनी स्वतःच्या खणातला कोरा कागद काढून मला दिला, जो ते खाजगी कामाला कधीही वापरत नसत.

वैमानिकाची चाचणी पास झालेली असली की ती पुन्हा द्यावी लागत नाही. बाकी सगळं द्यावं लागतं. मी सात महिने आईबरोबर युनिफॉर्म शिवले, शिकवण्या घेतल्या आणि रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक कॉलम मोठ्यानं वाचला. काकू भिंतीपलीकडून चुकीचे उच्चार दुरुस्त करायच्या, स्वतःला इंग्रजी येत नसताना. दुसऱ्यांदा उत्तरेतल्या मंडळासमोर गेले. या वेळी माझा नंबर बत्तीस होता आणि चर्चेत मी दोनपेक्षा जास्त वेळा बोलले. वजन पहिल्याच फटक्यात भरलं. यादीत माझं नाव खालून दुसरं होतं. पुढची एकवीस वर्षं, पॅड घेऊन मैदानावर होते ती सोडली तर, मी मालवाहू विमानं उडवली आणि माझ्याआधी किती नावं होती हे मला कुणीही विचारलं नाही.

हैदराबादजवळच्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायला मुंबईमार्गे निघाले तेव्हा कोकण रेल्वे नुकतीच पूर्ण सुरू झाली होती. स्टेशनवर आई, अण्णा, आत्या आणि काकू होत्या. गाडी थोडाच वेळ थांबते म्हणून अण्णांनी सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं की रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या. कुणी रडलं नाही. जेवणाचा डबा आत आला, पेटी आत आली, गाडी हलली. माझ्या समोरच्या बाकावर खिडकीशी नाटे गावची एक म्हातारी बाई बसली होती, मुलाकडे मुंबईला निघालेली. मांडीवर सुक्या मासळीची पिशवी होती. गाडीनं वेग घेईपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली.

"कुटं चाललंस बाय?"

तोवर मी हे उत्तर अधिकाऱ्यांना दिलं होतं, फॉर्मवर लिहिलं होतं, पण असं कुणा परक्या माणसाला सांगितलं नव्हतं. "विमान चालवायला शिकायला," मी म्हटलं.

तिनं मला एकदा नीट बघितलं. मग पिशवी उचलली आणि बाकावर आत सरकली.

"मग तू हिकडं बस," ती म्हणाली. "खिडकीशी. माजं बगून झालंय."